राज्याला धर्म नसतो तेव्हा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलची पुनर्बांधणी आणि फ्रेंच शाळांमधील पोशाखाचा वाद या दोन विषयांवरील आमच्या मजकुरानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. बहुतेकांचा रोख एकच होता : फ्रान्स स्वतःला धर्मापासून अलिप्त म्हणवतो, पण त्याचे वागणे त्या म्हणण्याशी जुळत नाही. हा रोख समजण्याजोगा आहे, कारण आपण फ्रान्सच्या बातम्या आपल्या शब्दांनी वाचतो. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : फ्रान्सचे राज्य कोणताही धर्म मानत नाही, असे आपण लिहिले होते. मग जळालेल्या कॅथेड्रलची दुरुस्ती सरकारने का हाती घेतली, आणि त्याच्या पुन्हा उघडण्याच्या सोहळ्यात राष्ट्राध्यक्षांनी आत जाऊन भाषण कसे केले? आमच्या पंढरपुरात आषाढीची शासकीय महापूजा मुख्यमंत्री सपत्नीक करतात. त्यावर आक्षेप घेणारे नेहमी फ्रान्सचेच उदाहरण देतात, म्हणून विचारतो.
*(एक निवृत्त शिक्षक, पंढरपूर)*

उत्तर : आपल्या प्रश्नाचा पहिला भाग मालकीचा आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. नोत्र-दाम चर्चच्या मालकीचे नाही, ते फ्रेंच सरकारच्या मालकीचे आहे. १७८९च्या क्रांतीत चर्चची सारी मालमत्ता, जमिनी आणि इमारतींसह, राष्ट्राच्या नावे झाली. पुढे ९ डिसेंबर १९०५ रोजी राज्य आणि चर्च यांची फारकत करणारा कायदा झाला आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत या वास्तूंची व्यवस्था ठरत गेली. पोपने हा कायदा धिक्कारला आणि कायद्याने सुचवलेल्या नव्या संस्था स्थापन करायला फ्रान्समधील कॅथलिकांना मनाई केली, त्यामुळे इमारती ताब्यात घ्यायला कायदेशीर वारसच पुढे आला नाही. तेव्हा जुनी कॅथेड्रले सरकारकडे राहिली, गावोगावची जुनी चर्चे तेथील नगरपालिकांकडे राहिली, आणि उपासनेसाठी ती वापरण्याचा हक्क मात्र कायमचा कॅथलिकांना मिळाला. आपल्या महसुली भाषेत सांगायचे तर मालकी सरकारची आणि वहिवाट चर्चची. सरकारच्या नावावरील कॅथेड्रले आज ८७ आहेत आणि नगरपालिकांच्या नावावरील चर्चे सुमारे ४०,००० आहेत. घरमालकाने गळके छप्पर दुरुस्त करावे, त्याप्रमाणे या वास्तूंची डागडुजी मालक या नात्याने सरकारकडे आणि नगरपालिकांकडे येते.

१५ एप्रिल २०१९च्या आगीनंतर नोत्र-दामचे काम मात्र मुख्यतः देणग्यांतून झाले. सुमारे १५० देशांतील ३ लाख ४० हजारांच्या आसपास लोकांनी ८४ कोटी युरोंहून अधिक रक्कम दिली. काम सरकारी यंत्रणेने केले. छपराच्या सांगाड्यातील ओकच्या तुळया मध्ययुगातल्याप्रमाणे कुऱ्हाडीने तासून घेतल्या, कारण वास्तू जशी होती तशीच उभी करायची असे ठरले होते.

आता ७ डिसेंबर २०२४ची ती संध्याकाळ. पॅरिसचे आर्चबिशप लोराँ उलरिश बंद दरवाजासमोर उभे राहिले आणि हातातील धर्मदंडाने त्यांनी दरवाजा तीन वेळा ठोठावला. तो दंड आगीतून वाचलेल्या तुळईच्या लाकडाचा होता. प्रत्येक ठोक्यानंतर आतून स्तोत्राचे सूर येत होते आणि मग दार उघडले. राष्ट्राध्यक्ष एमॅन्युएल मॅक्रॉन यांचे भाषण मूळ कार्यक्रमानुसार बाहेरच्या चौकात व्हायचे होते. राज्याच्या प्रमुखाने बोलावे ते उंबरठ्याबाहेर, आणि उंबरठ्याच्या आत बोलावे ते धर्मगुरूने, असा त्यामागचा विचार होता. त्या दिवशी वादळी वारे सुटल्यामुळे भाषण आत घ्यावे लागले. ही व्यवस्था आधी किती बारकाईने आखली होती हे लक्षात घेतले, तर आपल्या प्रश्नातील विसंगती बरीचशी विरते.

एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. आग लागण्यापूर्वीही आणि आजही नोत्र-दाममध्ये प्रवेश विनामूल्य आहे. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये सांस्कृतिक मंत्री राशिदा दाती यांनी पर्यटकांकडून पाच युरो घ्यावेत आणि त्या पैशातून देशभरच्या जुन्या धार्मिक वास्तू वाचवाव्यात, अशी सूचना केली, तेव्हा चर्चने नकार दिला. १९०५च्या कायद्यातच अशा वास्तूंच्या दर्शनावर कर किंवा शुल्क घेण्यास मनाई आहे. ज्या कायद्याला चर्चने एकेकाळी प्राणपणाने विरोध केला, त्याच कायद्याचा आधार आज देवळाचे दार सर्वांसाठी उघडे ठेवायला मिळतो, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

पंढरपूरच्या संदर्भात फ्रेंच पद्धत समजून घ्यायला आपल्याच दोन शब्दांचा उपयोग होतो : हजेरी आणि यजमानपद. फ्रेंच राष्ट्राध्यक्ष धार्मिक विधीला हजर राहू शकतात, मात्र ते यजमान होऊ शकत नाहीत. चार्ल्स द गॉल श्रद्धाळू कॅथलिक होते, तरी राष्ट्राध्यक्ष म्हणून सरकारी इतमामाच्या मिसेला (कॅथलिक उपासनाविधीला) गेले असता ते प्रसाद घेत नसत. सप्टेंबर २०२३मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या मार्सेय येथील मिसेला मॅक्रॉन गेले, तेव्हा आपण कॅथलिक म्हणून नव्हे तर राष्ट्राध्यक्ष म्हणून जात आहोत असा खुलासा त्यांना करावा लागला आणि तरीही टीका थांबली नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी फ्रान्सच्या मुख्य रब्बींनी (यहुदी धर्मगुरूंनी) हनुक्का या यहुदी सणाची मेणबत्ती लावली, तेव्हा तर अनेक यहुदी नागरिकांनीच आक्षेप घेतला. राष्ट्राध्यक्षांनी उत्सवाला जावे, पण राज्याच्या घरात विधी होऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते.

आपल्याकडची गोष्ट वेगळ्या वाटेने आली आहे. विठ्ठल मंदिराचा कारभार १९७३च्या कायद्याने सरकारनियुक्त समितीकडे सोपवला गेला, बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले आणि त्यावरील वादावर २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयात पडदा पडला. राज्यसंस्था इथे देवस्थानाच्या कारभारात उतरलेलीच आहे, आणि ती उतरली म्हणूनच काही जुने अन्याय दूर झाले. महापूजेवर आक्षेप घ्यायचा असेल तर तो आपल्या संविधानाच्या कलमांवर आणि आपल्या इतिहासावर घ्यावा. फ्रान्सचा दाखला तिथे लागू पडत नाही, कारण फ्रान्समध्ये सरकारने मंदिर समिती नेमणे हेच मुळात बेकायदा ठरेल.

प्रश्न : फ्रेंच ‘लाइसिते’ (राज्याची धर्मापासून अलिप्तता) आणि आपली ‘धर्मनिरपेक्षता’ यांत नेमका फरक कोणता? दोन्हींसाठी इंग्रजी वर्तमानपत्रे ‘सेक्युलर’ हाच शब्द वापरतात.
*(विधी शाखेची विद्यार्थिनी, नाशिक)*

उत्तर : मराठीत या एका कल्पनेसाठी आपण निदान तीन शब्द वापरत आलो आहोत आणि तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. संविधानाच्या मराठी पाठात ‘धर्मनिरपेक्ष’ आहे. व्यासपीठावर ‘सर्वधर्मसमभाव’ चालतो. आणि आपल्या जुन्या वैचारिक लेखनात ‘इहवाद’ येतो, म्हणजे राज्याने या जगातले व्यवहार पाहावेत, परलोकाची चिंता ज्याची त्याने करावी. लाइसिते यांपैकी इहवादाच्या सर्वांत जवळ आहे आणि सर्वधर्मसमभावापासून सर्वांत दूर. सर्व धर्मांना समान आदर द्यायचा म्हटले की राज्याला सर्व धर्मांकडे पाहावे लागते, सर्व सणांना शुभेच्छा द्याव्या लागतात, सुट्ट्या वाटून द्याव्या लागतात. फ्रेंच राज्य तत्त्वतः तिकडे पाहतच नाही. (प्रत्यक्षात तिथल्या सार्वजनिक सुट्ट्यांपैकी बऱ्याचशा कॅथलिक सण आहेत, हा भाग वेगळा.)

फ्रेंच शिकत असताना १९०५चा कायदा मी मुळातून वाचला, तेव्हा सर्वांत आश्चर्य वाटले ते त्याच्या क्रमाचे. पहिले कलम सांगते की प्रजासत्ताक सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याची हमी देते आणि सार्वजनिक सुव्यवस्थेच्या मर्यादेत उपासनेचे स्वातंत्र्य राखते. दुसरे कलम सांगते की प्रजासत्ताक कोणत्याही पंथाला मान्यता देत नाही, पगार देत नाही आणि अनुदान देत नाही. स्वातंत्र्य आधी आणि फारकत त्यानंतर. दुसऱ्या कलमालाही लगेच अपवाद जोडला आहे : शाळा, रुग्णालये, तुरुंग अशा ठिकाणी, जिथे माणूस स्वतः उठून प्रार्थनास्थळी जाऊ शकत नाही, तिथे धर्मगुरूंच्या सेवेवर सरकार खर्च करू शकते. कायद्याचा मसुदा संसदेत मांडून तो पार पाडणारे आरिस्तीद ब्रियाँ हे स्वतः नास्तिक होते, पण चर्चला चिरडणारा कायदा त्यांना नको होता. त्याआधीच्या काही वर्षांत धर्मसंघांच्या शाळा बंद पडल्या होत्या, साधू-साध्वींना देश सोडावा लागला होता, वातावरण अतिशय तापलेले होते. तशा काळात त्यांनी दाखवलेला संयम मला मोठा वाटतो.

हा शब्द उचलणाऱ्या तुर्कस्तानात त्याचा अर्थ पार बदलला. तिथे ‘लाइक्लिक’ संविधानात आहे, पण इमामांचा पगार १९२४मध्ये स्थापन झालेले सरकारी धर्मखाते देते. राज्याने धर्माशी फारकत घेण्याऐवजी धर्म आपल्या कचेरीत आणून बसवला. याउलट इंग्लंडमध्ये अधिकृत धर्मसंस्था आजही आहे, राजा तिचा प्रमुख असतो, २६ बिशप कायदेमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात बसतात, आणि तरीही मे २०२३मध्ये त्या राजाच्या राज्याभिषेकात बायबलचा उतारा हिंदू पंतप्रधान ऋषी सुनक यांनी वाचला. परीक्षेत ‘सेक्युलर राज्यांची उदाहरणे द्या’ असा प्रश्न आला, तर देशाच्या नावापुढे त्या देशात धर्मगुरूचा पगार कोण देतो हे लिहावे. त्याने उत्तर अधिक खरे होईल.

प्रश्न : (१) फ्रान्समध्ये मुलगी रस्त्यावर डोक्याला रुमाल बांधू शकते, विद्यापीठात बांधू शकते, मग शाळेतच का नाही? हे स्वातंत्र्य कसले? (२) आमच्या शीख बांधवांच्या पगडीलाही हीच बंदी आहे का?
*(पहिले पत्र मालेगावच्या एका शिक्षिकेचे, दुसरे नांदेडच्या एका तरुणाचे)*

उत्तर : दोन्ही पत्रांतील वेदना मला समजते आणि उत्तरात माझे मतही येणार आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

फ्रान्समध्ये सरकारी शाळा हा केवळ शिक्षणाचा विषय नाही. १८८२मध्ये ज्यूल फेरी यांच्या काळात सरकारी प्राथमिक शाळेतून धर्मशिक्षण काढून टाकले गेले आणि काही वर्षांतच शिक्षकही धर्मसंघाबाहेरचे असावेत असा कायदा झाला. प्रजासत्ताकाने चर्चच्या हातून जी पहिली गोष्ट काढून घेतली ती शाळा होती, म्हणून तिथल्या लोकांना शाळेबद्दल आपल्याला कळणार नाही इतकी आस्था आहे. पण लक्षात घ्या, तेव्हा बंधन होते ते इमारतीवर, अभ्यासक्रमावर आणि शिक्षकावर. भिंतीवर क्रूस नको आणि शिक्षकाच्या गळ्यात धर्मचिन्ह नको, कारण शिक्षक म्हणजे राज्य. विद्यार्थी म्हणजे राज्य नव्हे.

१९८९च्या शरद ऋतूत पॅरिसच्या उत्तरेकडील क्रेय या गावात तीन मुलींना डोक्यावरचा रुमाल काढला नाही म्हणून शाळेबाहेर ठेवले गेले आणि वाद पेटला. तेव्हा राज्यपरिषदेने, जी तिथले सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयही आहे, सांगितले की विद्यार्थ्याने धर्मचिन्ह धारण करणे एवढ्यानेच लाइसितेचा भंग होत नाही. पंधरा वर्षे प्रत्येक मुख्याध्यापक आपापल्या परीने निर्णय घेत राहिला. मग १५ मार्च २००४चा कायदा आला आणि सरकारी प्राथमिक व माध्यमिक शाळांत विद्यार्थ्यांनी ठळकपणे धर्म दाखवणारी चिन्हे किंवा पोशाख वापरण्यास मनाई झाली. कनिष्ठ सभागृहात तो ४९४ विरुद्ध ३६ मतांनी संमत झाला. गळ्यातला लहानसा क्रूस किंवा चांदतारा चालतो. रुमाल, यहुदी टोपी, पगडी किंवा मोठा क्रूस चालत नाही. विद्यापीठाला हा कायदा लागू नाही, कारण तिथले विद्यार्थी सज्ञान असतात. चेहरा पूर्ण झाकण्यावरची बंदी वेगळी आहे. ती २०१०च्या कायद्याने आली, सर्व सार्वजनिक जागांना लागू आहे आणि तिचे कारण सुरक्षितता व सहजीवन असे दिले जाते.

बाईंनी विचारलेल्या ‘शाळेतच का’ या प्रश्नाला कायद्याच्या समर्थकांचे उत्तर आहे, आणि ते हलके नाही. कायद्यापूर्वी नेमलेल्या आयोगापुढे अशा साक्षी झाल्या की काही वस्त्यांत भाऊ, शेजारी, गल्लीतील मुले मुलींवर रुमालासाठी दबाव आणतात, आणि दिवसातले सहा-सात तास तरी त्या दबावातून सुटका व्हावी असे काही मुलींनाच वाटते. त्यानंतरच्या काळात शिक्षकांच्या मनात भीतीही बसली आहे. १६ ऑक्टोबर २०२० रोजी साम्युएल पाती या इतिहासाच्या शिक्षकाची, वर्गात अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवताना मुहंमद पैगंबरांची व्यंगचित्रे दाखवली म्हणून, रस्त्यात शिरच्छेद करून हत्या झाली. ती घटना बाजूला ठेवून फ्रेंच शिक्षकांशी या विषयावर बोलता येत नाही.

तरीही माझे मत असे आहे की २००४मध्ये ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले. राज्याने तटस्थ राहायचे होते, आणि आता तटस्थ दिसण्याची जबाबदारी तेरा वर्षांच्या मुलीवर आली. सकाळी शाळेच्या फाटकापाशी मुली थांबतात, रुमाल सोडतात, घडी करून दप्तरात ठेवतात, केसांवरून हात फिरवतात आणि आत जातात. संध्याकाळी त्याच जागी थांबून पुन्हा बांधतात. ज्या मुलीवर घरचा दबाव आहे तिला या फाटकाने मोकळे केले असेल, हे मी नाकारत नाही. पण जिने तो स्वतःच्या श्रद्धेने बांधला आहे, तिला रोज दोनदा चारचौघांत सांगितले जाते की तुझ्या श्रद्धेची जागा दप्तरात आहे. २०२३च्या ऑगस्टअखेर ‘अबाया’ या सैलसर झग्यालाही बंदी झाली. शाळा सुरू झाल्या त्या दिवशी २९८ मुली तो घालून आल्या आणि त्यांतील ६७ जणींनी तो उतरवायला नकार दिल्यामुळे त्यांना घरी पाठवले गेले, असे शिक्षणमंत्र्यांनीच सांगितले. लांब झगा धार्मिक कधी आणि साधा कधी, हे शेवटी मुलीचे नाव आणि वर्ण पाहूनच ठरणार, ही भीती मला रास्त वाटते. राज्यपरिषदेने मात्र ही बंदी उचलून धरली आहे.

नांदेडच्या वाचकाला उत्तर ‘होय’ असे द्यावे लागते. २००४च्या चर्चेत शिखांचा विचार जवळजवळ कोणीच केला नव्हता, कारण फ्रान्समध्ये त्यांची संख्या अगदी थोडी आहे. कायदा लागू होताच पॅरिसच्या उपनगरातील बोबिन्यी येथे शीख मुलांना शाळेतून काढले गेले. त्यांपैकी एकाने पगडीऐवजी केस झाकण्यापुरते लहान वस्त्र बांधले होते, तेही चालले नाही. त्याने संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे दाद मागितली आणि २०१२मध्ये समितीने त्याच्या धर्मस्वातंत्र्याचा भंग झाला असा निर्वाळा दिला. तो निर्णय फ्रान्सवर न्यायालयाच्या हुकमासारखा बंधनकारक नव्हता आणि कायदा बदलला नाही. आपल्या संविधानाच्या कलम २५च्या स्पष्टीकरणात शिखांच्या कृपाणाचा नावानिशी उल्लेख आहे. फ्रेंच कायद्याला एका समाजाचे नाव घेऊन सवलत देणे तत्त्वतःच अशक्य वाटते. उत्तर फ्रान्समधील नव्ह-शापेल येथे पहिल्या महायुद्धात लढून पडलेल्या भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. त्या सैन्यातले शीख पगडी बांधूनच फ्रान्सच्या मातीसाठी लढले होते, ही आठवण बोबिन्यीतील शीख कुटुंबे वारंवार करून देतात आणि त्यांनी ती देत राहावी.

प्रश्न : पॅरिसमध्ये दरवर्षी गणपतीची मिरवणूक निघते असे ऐकले. सरकारी शाळेत रुमाल चालत नाही आणि भर रस्त्यात गणपती चालतो, हे कसे?
*(एका गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते, गिरगाव)*

उत्तर : निघते, आणि ती पाहण्यासारखी असते. पॅरिसच्या अठराव्या विभागात, ला शापेल भागात, १९८५मध्ये स्थापन झालेले माणिक्क विनायकर देऊळ आहे. ते मुख्यतः श्रीलंकेतून यादवीमुळे बाहेर पडलेल्या तमिळ लोकांचे आहे. ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीस रथ निघतो. तो दोरांनी ओढला जातो, पुढे मोरपिसांच्या कावडी असतात, आणि दुकानांसमोर रस्त्यावर नारळांचे ढीग रचलेले असतात. रथ येताच नारळ एकामागून एक डांबरावर आपटून फोडले जातात, पाणी गटारातून वाहू लागते, खोबऱ्याचे तुकडे गोळा करायला लहान मुले धावतात. आपल्या विसर्जनासारखे हे नाही, परंपरा तमिळ आहे. पण आपल्या वाचकांना नारळाचा आवाज ओळखीचा वाटेल.

यात विसंगती नाही. रस्ता राज्याचा असला तरी रस्त्यावर चालणारा माणूस राज्य नसतो. १९०५च्या कायद्याने मिरवणुका आणि घंटांचा नाद बंद केला नाही, त्यांना पोलिसी नियमांखाली आणले. आयोजकांनी पूर्वसूचना द्यायची, मार्ग सांगायचा, सुव्यवस्था राखायची, एवढेच. याच परिसरातील गूत-दोर भागात मशीद अपुरी पडत असल्याने शुक्रवारची नमाज रस्त्यावर होत असे आणि सप्टेंबर २०११पासून ती थांबवण्यात आली. वर्षातून एकदा वाहतूक वळवणे आणि दर आठवड्याला रस्ता अडणे यांत प्रशासनाने फरक केला. नमाजासाठी जुन्या बराकीची जागा भाड्याने देण्यात आली. मला यातला प्रशासकीय भाग पटतो, पण ज्यांना वर्षानुवर्षे छप्पर मिळाले नाही म्हणून ते रस्त्यावर आले, त्यांच्याबद्दल तेव्हा जे बोलले गेले ते पटत नाही. १९०५पूर्वीच्या चर्चांना सरकारी आणि नगरपालिकेची डागडुजी मिळते, तर त्यानंतर आलेल्या धर्मांना सर्व काही स्वतःच्या पैशाने उभारावे लागते. पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी मेलेल्या मुस्लिम सैनिकांच्या स्मरणार्थ सरकारी मदतीने बांधलेली आणि १९२६मध्ये उघडलेली पॅरिसची मोठी मशीद हा गाजलेला अपवाद आहे.

प्रश्न : नोकरीनिमित्त जर्मनीत आलो आहे. पत्ता नोंदवताना अर्जावर धर्म विचारला. ‘हिंदू’ लिहिले तर कर लागतो का? माझ्यासोबत वसईचा एक सहकारी आहे, तो कॅथलिक आहे. त्याने काय लिहावे?
*(एक अभियंता, श्टुटगार्ट)*

उत्तर : आपल्याला कर लागणार नाही. हा कर सरकार स्वतःसाठी घेत नाही. ज्या धर्मसंस्थांना सार्वजनिक संस्थेचा दर्जा आहे आणि ज्यांनी ही सोय मागितली आहे, त्यांच्या सभासदांकडून त्या संस्थांच्या वतीने सरकार तो गोळा करते. यात मुख्यतः कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चे येतात आणि काही राज्यांत यहुदी समाजसंस्थाही. हिंदू संस्था असा कर गोळा करत नाहीत. बव्हेरिया आणि तुमचे बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत तो तुमच्या आयकराच्या ८ टक्के आहे आणि इतर राज्यांत ९ टक्के. उत्पन्नाच्या नव्हे, आयकराच्या, हे नीट वाचावे. या व्यवस्थेची घटनात्मक मुळे १९१९च्या वायमार संविधानात आहेत आणि तीच कलमे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या संविधानात जशीच्या तशी घेतली गेली.

वसईच्या आपल्या मित्राने खरे लिहावे, पण परिणाम समजून लिहावे. बाप्तिस्मा झालेला कॅथलिक जर्मनीत राहायला आला की तो तेथील चर्चचा सभासद धरला जातो आणि दरमहा पगारातून रक्कम वळती होते. ती नको असेल तर सरकारी कचेरीत जाऊन थोडे शुल्क भरून चर्च सोडत असल्याचे लेखी निवेदन द्यावे लागते. मात्र जर्मन बिशपांनी २०१२मध्ये काढलेल्या फर्मानानुसार असे निवेदन देणाऱ्याला संस्कार मिळत नाहीत. वसईत वर्गणी देणे न देणे हा माणसाचा आणि त्याच्या पॅरिशचा (स्थानिक चर्चचा) प्रश्न असतो, तिथे तो नोंदणी-कचेरीचा होतो. करातून चर्चची रुग्णालये, बालवाड्या आणि वृद्धांची सेवा यांनाही हातभार लागतो, हेही त्याने विचारात घ्यावे. अर्ज भरण्याआधी तेथील पॅरिशमध्ये जाऊन बोलणे सर्वांत चांगले.

प्रश्न : फ्रान्समध्ये सगळीकडे हाच १९०५चा कायदा चालतो का?
*(एक वाचक, कोल्हापूर)*

उत्तर : नाही. तुमच्या प्रश्नाचे उत्तर वरच्या पत्रलेखकाच्या घरापासून फार दूर नाही. श्टुटगार्टहून आगगाडीने दीड तासाच्या आसपास, ऱ्हाइन ओलांडली की स्ट्रासबर्ग लागते. आल्सास आणि मोझेल हा प्रदेश १८७१मध्ये जर्मनीने जिंकला आणि १९१८मध्ये तो फ्रान्सकडे परतला. १९०५चा कायदा झाला तेव्हा तो फ्रान्समध्ये नव्हताच. परतल्यावर कायदा तिथेही लावण्याचा प्रयत्न १९२४मध्ये झाला, त्याविरुद्ध मोठी निदर्शने झाली आणि सरकारला माघार घ्यावी लागली. त्यामुळे नेपोलियनने १८०१मध्ये पोपशी केलेला करार तिथे आजही जिवंत आहे. कॅथलिक पाद्री, दोन प्रोटेस्टंट पंथांचे पाद्री आणि यहुदी रब्बी यांना पगार सरकारी तिजोरीतून मिळतो. सरकारी शाळेत धर्मशिक्षणाचा तास असतो, पालकांनी सांगितले तर मुलाला सूट मिळते. गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबर या तिथल्या जादा सुट्ट्या आहेत. २०१३मध्ये हे प्रकरण संविधान परिषदेपुढे गेले, तेव्हा परिषदेने ही स्थानिक व्यवस्था वैध ठरवली.

इस्लाम या यादीत नाही, कारण नेपोलियनच्या काळात तिथे मुसलमान नव्हते. पण अनुदानावरची बंदी तिथे लागू नसल्याने नगरपालिका इच्छा असल्यास मशिदीला मदत देऊ शकते. २०२१मध्ये स्ट्रासबर्गच्या नगरपरिषदेने एका मोठ्या मशिदीच्या बांधकामासाठी २५ लाख युरोंचे अनुदान तत्त्वतः मंजूर केले, तेव्हा पॅरिसमधील मंत्र्यांनी त्या मशिदीमागील संघटनेवर कडाडून टीका केली आणि अखेर संघटनेनेच अर्ज मागे घेतला. स्ट्रासबर्ग आणि मेट्झ येथील बिशपांची नेमणूक मात्र अजूनही फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या सहीच्या आदेशाने होते आणि ती सरकारी राजपत्रात छापून येते.